‘सावित्राबाई’ हे बटण दाबले असता

मंगळवार, ११ मार्च २०२५

आज सकाळी अकरा वाजून सतरा मिनिटांनी पाणवाट चौकशी समितीच्या सचिवांनी पडद्यावरचं ‘सावित्राबाई’ हे बटण दाबलं आणि अकरा अठराला यंत्र बंद केलं. वेळ माझ्या मनगटावरच्या घड्याळाची आहे. ते मी रोज सकाळी सातच्या बातम्यांना लावते, कचेरीतलं भिंतीवरचं घड्याळ बहुधा कोणीच लावत नाही.

त्या एका मिनिटात जे दिसलं ते असं. सावित्राबाई उंबऱ्यावर बसल्या आहेत, पदर सावरताहेत, आणि हसत म्हणताहेत, “मला काय बी ठावं न्हाई. आडानी बाई मी. त्या इंग्रजीवाल्या बाईला इचारा.”

सचिव टंकलेखिकेकडे वळले. “लिहा. ‘सावित्राबाई’ हे बटण दाबले असता, सदर साक्षीदार आपल्याला काहीही माहिती नसल्याचे सांगते.”

कुरवंड्याच्या वाडीतर्फे ही डिस्क दाखल करणारी, म्हणजेच सावित्राबाईंची ‘इंग्रजीवाली बाई’, मीच. मी उठून उभी राहिले. म्हटलं, ही साक्ष नाही, हे माईक तपासतानाचं बोलणं आहे. मीच त्यांना म्हटलं होतं, काहीतरी बोला, आवाज बघायचाय. खरी साक्ष पुढे आहे.

“बाई, डिस्क तुमची, बटण तुमचं,” सचिव म्हणाले. “आम्ही फक्त दाबलं.”

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. रिसॉर्टचा व्यवस्थापक किरण मात्र हसला नाही. त्याने माझ्यापुढे पाण्याची बाटली केली. बाटलीवर त्यांच्या रिसॉर्टचं नाव होतं. मी घेतली नाही.

बाहेर गेणूभाऊ चपला शोधत होते. हे सावित्राबाईंचे धाकटे दीर, वय सत्तरच्या पुढे. सकाळी कुरवंड्याहून पहिल्या गाडीने आले होते.

“बाई, वैनी तर समदं बोलली व्हती. मी तितंच व्हतो की. मग त्ये ग्येलं कुटं?”

“डिस्कवरच आहे, गेणूभाऊ.”

“मंग दिसलं का न्हाई?”

“बघते,” मी म्हटलं. अडतीस वर्षं शिकवलं, पण ‘बघते’ असं उत्तर सहसा दिलेलं नाही.

समितीने तिथेच निकाल दिला: वाट जुन्या वापरातली असल्याचा पुरेसा पुरावा नाही. हा निकाल तीस दिवसांनी कायम होतो. म्हणजे १० एप्रिल. त्यानंतर टाक्याकडे जाणाऱ्या वाटेवरचं रिसॉर्टचं फाटक तसंच राहणार, कुलपासकट. वाडीतल्या बायका आत्ताच दीड कोसाचा वळसा घालतात. गेणूभाऊंची सून सातवा महिना असताना त्याच वळशाने दोन हंडे आणते.

बुधवार, १२ मार्च

माझ्याकडच्या प्रतीवर सगळं तपासलं. बटण दाबलं की तेरावं मिनिट येतं, माईक तपासणी. बटणाच्या नादी न लागता पुढे पळवत नेलं तर एक तास चौपन्नाव्या मिनिटाला सावित्राबाईंची साक्ष सुरू होते. आहे. जशीच्या तशी आहे.

पुन्हा ऐकली. वाडीतली रीत अशी की, नवी नवरी पहिल्या पाण्याला जाते तेव्हा हळद लावलेला एक खडा टाक्याजवळच्या कपारीत ठेवते. खडा काढायचा नाही, हलवायचा नाही. सावित्राबाई काठी टेकत टाक्यापर्यंत गेल्या, तेव्हा फाटक नुसतं लोटलेलं असायचं, आणि कपारीत हात घालून एकेक खडा न उचलता बोटाने दाखवत गेल्या. हा माझ्या सासूचा, धोंडाबाईचा. हा माझा. हा रतनबाईचा, तिला पयल्याच पाण्याला विंचू चावला व्हता. एकतीस खडे, एकतीस नावं, कोण कुठल्या गावची, कोणाच्या मागून आली. वाट वापरात होती याचा याहून जुना पुरावा जिल्ह्यात कोणाकडे असेल तर मला दाखवावा. ही नोव्हेंबरातली गोष्ट. डिसेंबरात रिसॉर्टने ‘सुशोभीकरण’ केलं आणि कपार सिमेंटने लिंपली. जानेवारीत सावित्राबाई न्युमोनियाने गेल्या. आता ते खडे आणि ती नावं फक्त या तबकडीवर आहेत.

समितीचे नियम मी अक्षरशः पाळले. चित्रीकरण अखंड हवं, काटछाट नको, म्हणून माईक तपासणीही ठेवावी लागली. एकाच तबकडीवर हवं. पेनड्राइव्ह चालत नाही, त्यात म्हणे फेरफार होतो. चार तासांचं चित्रीकरण साध्या डीव्हीडीत मावेना, म्हणून दोन थरांची घेतली. तिचा एक थर भरला की यंत्र दुसऱ्यावर उडी मारतं आणि उडी मारताना क्षणभर अडखळतं. ती उडी कुठे पडावी हे आधी ठरवून द्यावं लागतं.

बनवायचं काम सोमाटणे फाट्याच्या संगीताकडे दिलं. लग्नाचं शूटिंग, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, सगळं एकाच गाळ्यात करते. माझी विद्यार्थिनी, आणि सावित्राबाईंची सख्खी नात. वाडीतून दहावीपुढे गेलेली पहिली मुलगी. तिच्याकडचं सॉफ्टवेअर जुनं आहे. प्रत्येक प्रसंगाची जागा ते सोळाच्या पद्धतीत दाखवतं आणि आपल्याकडून मात्र दहाच्या पद्धतीत मागतं. कचेरीसारखंच, एका खिडकीने दिलेला कागद दुसरीला वाचता येत नाही. सोळाच्या पद्धतीत नवानंतर दहा येत नाही. A येतो, मग B, असं F पर्यंत.

थर बदलायची जागा 1AC2F0. ती मी स्वतः, कागदावर, कॅल्क्युलेटर न घेता बदलली: १७,५३,८४०. सावित्राबाईंचं संपून गेणूभाऊ पाणी प्यायला थांबतात, बरोबर ती जागा. तिथे यंत्र अडखळलं तरी कोणाचं वाक्य तुटत नाही. डिस्क तयार झाल्यावर मी तेवढा भाग चार वेळा लावून पाहिला. निर्दोष.

बटणं तीन, सावित्राबाई, गेणूभाऊ आणि वाडीतले केरबा, एकेका साक्षीचं एकेक; त्यांच्या जागा बदलायचं काम संगीताला दिलं. त्यात चुकण्यासारखं काही नव्हतं. मी मुलींना एक नियम देत असे: अक्षर दिसलं की बदला, अक्षर नसेल तर आकडा आपलाच, हात लावू नका. कॉन्व्हेंटातल्या आमच्या सिस्टर म्हणत, नियम एका श्वासात म्हणता आला पाहिजे. या नियमावर माझ्या ढातल्या ढ मुली पास झाल्या आहेत. संगीता तर ढ नव्हती. म्हणून हा निष्काळजीपणाच, दुसरं काही नाही.

गुरुवार, १३ मार्च

सोमाटण्याला जाऊन आले. गाळ्यात होळीसाठी एरंडाच्या फांद्या उभ्या करून ठेवल्या होत्या आणि संगीता कोणाचं तरी आधार कार्ड लॅमिनेट करत होती.

“बस झालं ते,” मी म्हटलं. “तुझ्या आजीला कचेरीत काय बोलायला लावलंस ते ठाऊक आहे का?”

“गेणूआबांनी सांगितलं, बाई.” तिने यंत्र बंद केलं. डोळे सुजलेले होते, पण रडली नाही. “मी रात्रीपासून तेच बघतेय. आजीची जागा एक-नऊ-दोन-सहा-चार-शून्य आली होती. तेच टाकलंय. एक आकडा इकडचा तिकडे नाही.”

“मग दुसरीकडे कुठेतरी माती खाल्ली असशील.”

“गेणूआबांची बदलली, ती बरोबर लागते. केरबाकाकांचीही बरोबर लागते. कागद ठेवलाय मी, बघा ना.”

“मला कागद दाखवू नकोस. कागद मी तेव्हाच नजरेखालून घातला होता. कागदावर बरोबर आणि डिस्कवर चूक, म्हणजे हात कोणाचा?”

“बाई, एकदा बघा तरी.”

“लग्नातल्या वराती चिकटवून चिकटवून हात तसाच झालाय तुझा.”

हे बोलायला नको होतं असं फाटा ओलांडताना वाटलं. पण खोटं नव्हतं.

सोमवार, १७ मार्च

धुळवड, शनिवार, रविवार. कचेरी आज उघडली. समितीला पत्र दिलं, पोच घेतली. मजकूर थोडक्यात: तबकडीतील मूळ चित्रीकरण बिनचूक आहे, बटणातील दोष हा तबकडी तयार करणाऱ्या श्रीमती संगीता यांच्या निष्काळजीपणामुळे उद्भवला असून निम्नस्वाक्षरीकर्तीचा त्याच्याशी संबंध नाही, सबब साक्ष एक तास चौपन्नाव्या मिनिटापासून ऐकावी.

‘निम्नस्वाक्षरीकर्ती’ हा शब्द लिहून झाल्यावर बरं वाटलं.

सोमवार, २४ मार्च

उत्तर आलं. एवढ्या तत्परतेने मला पेन्शनचं उत्तर आजवर आलेलं नाही.

“अर्जदारांच्या प्रतिनिधींनी स्वतःच लेखी कबूल केल्यानुसार सदर तबकडी साक्षीदाराच्या नातीने तयार केली असून ती निष्काळजीपणे तयार केलेली आहे. सबब संपूर्ण तबकडी पुरावा म्हणून विश्वासार्ह धरता येत नाही.”

संपूर्ण. म्हणजे गेणूभाऊ गेले, केरबा गेले, टाकं गेलं, कपार गेली.

नात हा शब्द मी पत्रात लिहिलेला नव्हता. किरणने सांगितला असेल. माझ्या पत्रामुळे विचारलं गेलं असेल, हेही खरं.

मंगळवार, २५ मार्च

गेणूभाऊ दारात आले. आत या म्हटलं तर आले नाहीत. पायरीवरच बसले.

“बाई, तुमी आमच्या पोरीचं नाव लिवून दिलं म्हनं.”

“चूक तिची होती, म्हणून लिहिलं.”

“व्हय.” टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “आमच्यात म्हनत्यात, घागर फुटली तर घागरीला शिव्या द्याव्या, आननारीला न्हाई. पानी आनायला दुसरं कोन जातंय?”

“मी साक्ष वाचवायला बघत होते, गेणूभाऊ.”

“मला ठावं हाय. वाचली का?”

चहा केला होता. घेतला नाही. पिशवीतून एक पुडकं काढून पायरीवर ठेवलं. “संगीतानं दिलंय. म्हनली, बाईंना बघू दे. मला वाचाय येत न्हाई.”

पुडकं आत आणून टेबलावर ठेवलं. उघडलं नाही. विद्यार्थिनींची कारणं मी आयुष्यभर वाचली आहेत: आजी आजारी, पाहुणे आले, दिवे गेले.

शुक्रवार, २८ मार्च

संगीताला फोन केला. उचलला नाही. दोनदा.

आज ठरवलं की तिची चूक मुळापासून सिद्ध करायची आणि विषय संपवायचा. पुडकं सोडलं. वर आमचा कागद, बटणांच्या जागांचा. तिचं अक्षर अजून चांगलं आहे; ते माझ्याकडूनच आलेलं.

गेणू: 5D2A0. पुढे तिने केलेलं गणित, पायरी पायरीने, उत्तर ३,८१,६००. मी पुन्हा केलं. बरोबर.

केरबा: 2A71C0. उत्तर २७,८१,६३२. बरोबर.

सावित्राबाई: 192640. पुढे गणित नाही. फक्त ‘अ. ना.’ आणि १,९२,६४०.

‘अ. ना.’ म्हणजे काय ते मला लगेच कळलं नाही. ही बहुधा पळवाट, असं वाटलं. मग कागदाखालची वही उघडली. २०१०ची, नववीची, वर्तमानपत्राचं कव्हर अजून शाबूत. सावित्राबाईंनी ती पेटीत जपून ठेवलेली असणार, कपड्यांबरोबर, डांबरगोळीचा वास आहे. एका पानाला संगीताने कोपरा दुमडला होता. त्यावर नियम लिहिलेला. अक्षर दिसलं की बदला. अक्षर नसेल तर आकडा आपलाच, हात लावू नका. समासात खूण: अ. आ. म्हणजे अक्षर आहे. अ. ना. म्हणजे अक्षर नाही. खाली उदाहरणं, दहा. दहाच्या दहा आकड्यांत अक्षर आहे. ती उदाहरणं मीच काढली होती. परीक्षेतही मी मुद्दाम अक्षर असलेलेच आकडे देत असे, म्हणजे मुली गोंधळणार नाहीत.

त्याखाली लाल शाईत: उत्तम. इ. चां.

पेन्सिल घेतली. 192640 सोळाच्या पद्धतीत धरलं. एक गुणिले दहा लाख अठ्ठेचाळीस हजार पाचशे शहात्तर. नऊ गुणिले पासष्ट हजार पाचशे छत्तीस. दोन गुणिले चार हजार शहाण्णव. सहा गुणिले दोनशे छप्पन. चार गुणिले सोळा. शून्य. बेरीज १६,४८,१९२.

एक तास चौपन्न मिनिटं. न बदललेला १,९२,६४० म्हणजे तेरावं मिनिट.

सोळाच्या पद्धतीतल्या आकड्यात अक्षर असलंच पाहिजे असं नाही. योगायोगाने सगळे अंक नवाच्या आत पडू शकतात. पडले, की तो आकडा दिसायला अगदी आपल्यासारखा दिसतो. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण शिकवताना अडचणीचं होतं. नियम दोन श्वासांचा झाला असता.

कागद पुन्हा पाहिला. तळाशी लाल शाईत, माझ्याच हाताने: तपासले. इ. चां.

तेव्हा मी फक्त नीटनेटकेपणा पाहिला होता.

शनिवार, २९ मार्च

काही लिहायचं नाही. उंबराच्या झाडावर माकडं आली होती.

किती मुली असतील, याचा हिशेब करत बसले. वर्षाला चाळीस, संगणक शिकवला ती एकोणीस वर्षं. त्यांतल्या किती कुठे कुठे बसून अजून हा नियम वापरत असतील, देव जाणे. बहुतेक जणी विसरल्या असतील. विसरणाऱ्या मुलींबद्दल मला आजवर एवढं बरं कधी वाटलं नव्हतं.

रविवार, ३० मार्च

पाडवा. गुढी उभारली नाही. रिक्षा करून कुरवंड्याला गेले. वाडीत पाच-सहा दारांना गुढ्या होत्या, एका गुढीवर तांब्याऐवजी स्टीलचा गडू. संगीता आजीच्या घरी होती, उंबऱ्यावर, चित्रीकरणात सावित्राबाई बसल्या होत्या त्याच जागी, कडुलिंब निवडत.

मी वही पुढे केली. “पाहिलं.”

“हं.”

“तू आधी का नाही सांगितलंस? नियम माझा आहे म्हणून?”

“मलाच कुठे कळलं होतं, बाई. तुम्ही ओरडून गेलात, त्यानंतर चार दिवस बसले. मग दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून बघितलं, तेव्हा कळलं.” पाला निवडत राहिली. “कळल्यावर आधी वाटलं तुम्हाला फोन करावा. तोवर तुमचं पत्र गेलं होतं.”

“मी ते मागे घेणार आहे.”

“कोणत्या शब्दांत?”

मी आयुष्यभर मुलींना हाच प्रश्न विचारत आले.

“माझी चूक होती, या शब्दांत.”

“तुमची चूक काय होती, ते पण लिहा. नुसती चूक लिहिली तर ते म्हणतील, बाईंचं वय झालं.” मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “आणि पोरीला वाचवायला बाई खोटं लिहितायत, असंही म्हणतील. वहीचं पान जोडा. तुमची सही आहे त्यावर.”

गेणूभाऊंच्या सुनेने गूळ-कडुलिंब आणून दिलं. खाल्लं. मला वाटतं आमच्यात आता सगळं ठीक आहे. निघताना संगीता फाटकापर्यंत आली नाही, पण हातात कामही होतं तिच्या.

रिसॉर्टच्या फाटकाशी रिक्षा थांबवली. आत सिमेंट लिंपलेली कपार दिसत नाही. त्यापुढे बाक ठेवला आहे, पर्यटकांना बसायला.

बुधवार, २ एप्रिल

तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. पहिल्या दोन्हींत मी ‘अनवधानाने’ हा शब्द वापरला होता. अनवधान नव्हतं. शेवटचा मसुदा इथे उतरवून ठेवते. उद्या सकाळी साडेदहाला स्वतः देणार आणि पोच घेणार. संगीताने नवीन तबकडी करून गेणूभाऊंच्या हाती पाठवली आहे. सोबत चिठ्ठी नव्हती. सगळी बटणं मी दाबून पाहिली, प्रत्येक दोनदा.

प्रति,
सचिव, पाणवाट चौकशी समिती

महोदय,

१. माझे दिनांक १७ मार्चचे पत्र मी मागे घेत आहे. त्यात श्रीमती संगीता यांच्यावर केलेला निष्काळजीपणाचा आरोप खोटा आहे. तो मी केला, कारण तो मला सोयीचा होता.

२. तबकडीतील ‘सावित्राबाई’ या बटणाची जागा 192640 ही सोळाच्या पद्धतीतली होती. ती १६,४८,१९२ अशी बदलायला हवी होती. आकड्यात अक्षर नसल्यामुळे ती बदलली गेली नाही. अक्षर नसेल तर बदलू नये, हा चुकीचा नियम श्रीमती संगीता यांना मी २०१० साली शिकवला. वहीच्या पानाची सत्यप्रत जोडली आहे. ‘उत्तम’ हा शेरा आणि सही माझी आहे. तबकडीचा कागद ‘तपासले’ अशी सही करून मीच मंजूर केला होता. त्याचीही प्रत जोडली आहे.

३. चूक आकडा बदलण्यात आहे, साक्षीत नाही. मूळ चित्रीकरणाला हात लागलेला नाही. समितीकडील पहिल्या तबकडीवरही साक्ष पूर्ण आहे. ती ऐकण्यासाठी बटणाची गरज नाही, एक तास चौपन्न मिनिटे पुढे जाण्याची गरज आहे. दिनांक ११ मार्च रोजी मी हे उभी राहून सांगितले होते. ते नोंदवलेले नाही. माझी चूक मी लेखी दिली आहे. ही समितीची आहे.

४. साक्षीदार हयात नाही. ज्या कपारीबद्दल ती बोलते ती लिंपण्यात आली आहे. त्यामुळे एकतीस नावे दुसरीकडे कोठेही ऐकायला मिळणार नाहीत. सचिवांनी ती स्वतः, शेवटपर्यंत, मध्ये न थांबवता ऐकावीत.

५. शिक्षा द्यायची असल्यास ती मला द्यावी. वाडीच्या पाण्याचा माझ्या नियमाशी संबंध नाही.

साक्ष ऐकली की नाही, आणि ऐकली नसल्यास का नाही, याचे लेखी उत्तर, सही, शिक्का व दिनांकासह, मला बुधवार, दिनांक ९ एप्रिल २०२५ रोजी सायंकाळी पाच वाजण्यापूर्वी मिळावे. निकाल दहा तारखेला कायम होतो आणि दहा तारखेला कचेरीला सुट्टी आहे, हे मला ठाऊक आहे.

इरावती चांदोरकर
निवृत्त शिक्षिका, तळेगाव दाभाडे